बिनशिवणीची चड्डी

"त्यांनाच घेऊन या ना," दुकानातला माणूस म्हणाला. "सायकलची चड्डी अशी दुसऱ्यानं येऊन नेली तर जमत नाही. घालून, सीटवर बसून बघायला लागतं. कुठं टोचतंय, कुठं काचतंय, ते ज्याचं त्यालाच कळणार."

"त्यांना कळत नाही," मी म्हणाले.

तो हसला. मी नवऱ्याची थट्टा करतेय असं त्याला वाटलं असावं. "लांब पल्ल्याला जाणारे आहेत म्हणालात. मग कळत कसं नाही?"

"कमरेखाली काहीच कळत नाही त्यांना. पाठीचा कणा मोडलाय."

काउंटरवर पसरलेल्या चड्ड्यांवर त्याचा हात तसाच थांबला. तो तरुण होता, स्वतः सायकल चालवणारा असावा, पोटऱ्या तशाच होत्या. त्यानं हळूच विचारलं, "मग सायकल?"

"हातानं चालवायची. मित्रानं बनवून दिलीय."

त्यानं समोरच्या चड्ड्या बाजूला सारल्या आणि आतून दुसरा गठ्ठा काढून आणला.

मी सांगलीहून एसटीनं कोल्हापूरला गेले होते ती एवढ्याच कामाला. माझ्या नवऱ्याचं नाव शीतल. शीतल मगदूम. आमच्या जैनांत शीतल पुरुषाचं नाव असतं. बाहेरगावचे लोक फोनवर "मॅडम आहेत का" विचारायचे आणि हे आवाज जाड करून "मीच मॅडम" म्हणायचे. सांगलीत हळदीच्या पेठेत त्यांचं अडत दुकान होतं. पण दुकानाहून जास्त जीव सायकलीवर. पहाटे उठून तासगाव, पलूस, कधी विट्यापर्यंत जाऊन दुकान उघडायच्या वेळेला परत. मूलबाळ आम्हाला नव्हतं. माझी बहीण म्हणायची, त्रिशला, तुझ्या घरात सवत आहे आणि तिला दोन चाकं आहेत.

एका पहाटे तासगाव रस्त्यावर कुत्रं आडवं आलं. त्याला चुकवताना हे सायकलीसकट मोरीवरून खाली कोरड्या ओढ्यात पडले. मोरी फार उंच नव्हती. डॉक्टरसुद्धा तेच म्हणाले, एवढ्याशा उंचीवरून पडून असं होत नाही सहसा.

पुढचं वर्ष-दीड वर्ष त्यांनी भिंतीकडं तोंड करून काढलं. दुकान धाकट्या दिरांकडं गेलं. मी अंग पुसायची, कूस बदलायची, लघवीची पिशवी रिकामी करायची. ते "पाणी दे" आणि "पंखा कर" याच्यापलीकडं बोलत नसत. कधी कधी तेही नाही. सुरेश कुंभोजे, त्यांचा सायकलीवरचा जोडीदार, दर रविवारी यायचा. हे त्याच्याशीही बोलायचे नाहीत. तो खुर्चीत बसून पेपर वाचायचा, चहा प्यायचा आणि "येतो रे शीतल" म्हणून जायचा. मला वाटायचं, कधीतरी कंटाळून यायचं बंद करेल. तो आला नाही असा रविवार मला आठवत नाही.

सुरेशचं कुपवाडच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप होतं. एका रविवारी तो टेंपो घेऊन आला आणि अंगणात एक गाडी उतरवली. तीन चाकं, बुटकी, लांबट. पायाच्या जागी पाय बांधून ठेवायचे पट्टे, आणि छातीसमोर हातानं फिरवायची पॅडल. गिअरसुद्धा होते. ह्यांची जुनी रेसिंगची सायकल ओढ्यातून काढल्यापासून सुरेशकडंच पडून होती, तिचेच निम्मे भाग त्यात लावले होते.

"ही अपंगांची गाडी आहे काय?" हे म्हणाले. कितीतरी महिन्यांत एवढं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं.

"अपंगांच्या गाडीला गिअर असतात होय?" सुरेश म्हणाला. "बसायचं असलं तर बस. नाहीतर भंगारात घालतो."

त्या दिवशी ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. दम लागला होता. आल्यावर मला म्हणाले, "साखळी जरा सैल आहे. सुरेशला सांग."

मी आत जाऊन न्हाणीत नळ सोडून रडले.

गाडीला परवानगी दिली ती फिजिओथेरपीच्या मुल्ला मॅडमनी. पण त्यांनी मला बाजूला घेऊन बजावून सांगितलं. आपण बसलो की टोचतं, मुंग्या येतात, आणि आपण नकळत कूस बदलतो. ह्यांच्या शरीराला ते कळत नाही. एकाच जागी भार पडत राहिला की आतलं मांस मरतं, आणि वर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून दोन गोष्टी. गाडीवर असताना थोड्या थोड्या वेळानं थांबायचं, दोन्ही तळहात गाडीच्या बाजूच्या लोखंडी नळ्यांवर टेकायचे आणि अंग वर उचलून धरायचं. आणि घरी आल्यावर मी त्यांची बसायची जागा बघायची. लाल डाग दिसला तर बोटानं दाबायचा. पांढरा होऊन परत लाल झाला तर ठीक. दाबून पांढरा झालाच नाही, तर तो जाईपर्यंत बसणं बंद.

"आणि साध्या चड्डीवर बसवू नका," त्या म्हणाल्या. "एक सुरकुती, एक शिवण, एवढं पुरतं."

म्हणून मी त्या दुकानात आले होते.

तिथून मी तीन चड्ड्या आणल्या. ह्यांनी तिन्ही मांडीवर घेतल्या आणि बुडाखाली येणारं आतलं पॅड अंगठ्यानं दाबून बघितलं. पूर्वी स्वतः चड्डी घ्यायला जायचे तेव्हाही असंच करायचे. विक्रेता काय बोलतो याकडं लक्षच नाही, नुसता अंगठा.

"ही जेलची. पहिल्या तासाला मऊ वाटते, मग त्रास देते," ते म्हणाले. मग थांबले. "म्हणजे, द्यायची."

"घालून तर बघू."

"बघणार तूच. बूड माझं आणि मत तुझं." आणि हसले. मी पण हसले. आम्ही किती दिवसांनी हसत होतो कोण जाणे.

जेलच्या पॅडनं खरंच दोन्ही बाजूंना कडेची रेघ उठली. मी दाबली, पांढरी झाली, पण जायला दुपार लागली. दुसरीचं पॅड जाड स्पंजचं होतं. त्यात घाम साचून कातडी ओली आणि मऊ पडली. ते गाडीवरून उतरले की मी त्यांना पलंगावर पालथं घ्यायची आणि खिडकी उघडून उजेडात बघायची. ते उशीवर गाल टेकून विचारायचे, "काय म्हणतंय?" जसं काही तिथं दुसराच कुणीतरी राहत होता आणि त्याची ख्यालीखुशाली मी सांगायची.

तिसरीला खांद्यावरून जाणारे पट्टे होते, त्यामुळं ती खाली सरकत नव्हती, सुरकुती पडत नव्हती. पॅड पातळ, एकसंध, मधून शिवण नाही. ती घालून ते सुरेशबरोबर माधवनगरला जाऊन आले. मी बघितलं. नुसता गुलाबीपणा, तोही चहा उकळेपर्यंत गेला.

"ही," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

"बघ हं. माझ्या वतीनं तू सांगतेयस."

त्या हिवाळ्यात आमचं घर बदललं. ते सकाळी स्वतः हाक मारून उठवायचे. दाढी करायचे. दिरांना फोन करून हळदीचा भाव विचारायचे आणि त्यावर वाद घालायचे. दंड भरले, चेहऱ्यावर ऊन लागून जुना रंग आला. आणि मग एक दिवस म्हणाले, "कोल्हापूरला जायचं. रंकाळ्यावर भेळ खायची आणि परत यायचं. एका दिवसात. पूर्वीसारखं."

मुल्ला मॅडम नको म्हणाल्या. मग ह्यांचा चेहरा बघून म्हणाल्या, जा, पण उचलणं चुकवू नका. मी म्हणाले, मी मागून गाडी करून येते.

"मागून गाडी नको," हे म्हणाले. "रुग्णवाहिका आल्यासारखं वाटतं. तू एसटीनं रंकाळ्यावर ये. बायको वाट बघत थांबलीय असं असू दे."

मी सुरेशला अंगणात गाठून सांगितलं, "उचलायची आठवण तुमच्याकडं."

"वहिनी, घड्याळ लावून ठेवतो," तो म्हणाला.

जानेवारीतली गार सकाळ होती. मी त्यांना ती पट्ट्यांची चड्डी घातली, पॅडवरून हात फिरवून सुरकुती नाही ना बघितलं, पाय पट्ट्यात बांधले. ते निघाले. सुरेश आणि आणखी दोघे बाजूनं. वळणावर त्यांनी मागं बघितलं नाही. पूर्वीही कधी बघायचे नाहीत.

रंकाळ्यावर मी कट्ट्यावर बसून राहिले होते. ते येताना दिसले तेव्हा आधी ओळखू आले नाहीत. चौघं गप्पा मारत येत होते, आणि मध्ये बुटक्या गाडीवर एक माणूस मोठमोठ्यानं काहीतरी सांगत होता आणि बाकीचे हसत होते. जवळ आल्यावर मला म्हणाले, "जयसिंगपूरच्या पुढं एका बुलेटवाल्यानं शर्यत लावली माझ्याशी. हरला नाही म्हणा, पण घाबरला."

"उचलत होता ना?" मी विचारलं.

"हो गं."

"कुठंतरी खोली बघू. एकदा बघून घेते."

"इथं? चार माणसांत? त्रिशला, आज नको. आज एक दिवस मला बघू नकोस."

एवढंच म्हणाले. रागानं नाही. मी त्यांच्या हातात भेळ दिली. त्यांनी ती कांदा जास्त घालून मागितली, जैनाच्या पोराला कांद्याचं एवढं वेड कुठून लागलं असं सुरेश म्हणाला, आणि ते पुन्हा हसले. तो चेहरा मी बघितला आणि खोलीचं पुन्हा काढलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना पलंगावर पालथं घेतलं. खांद्यावरचे पट्टे सोडले, चड्डी खाली ओढली. डाव्या बाजूला जांभळा डाग होता, रुपयाहून मोठा, मध्ये काळसर. मी बोटानं दाबला. दाबून धरला. बोट काढलं. रंग जसाच्या तसा होता.

"काय म्हणतंय?" त्यांनी उशीतून विचारलं. आवाजात झोप होती, आणि सुख होतं.

"लाल आहे थोडं," मी म्हणाले. मग खरं सांगितलं. "पांढरं होत नाही."

ते म्हणाले, "बरं."

तीन आठवड्यांत तिथं खड्डा पडला. वरून लहान, आतून मोठा. मिरजेला हॉस्पिटलात नेलं. मेलेलं मांस कापून काढलं, तरी खाली आणखी निघालं. त्यांना दिवसरात्र पालथं ठेवलं. छातीखाली उशा, मान एका बाजूला, समोर भिंत. पुन्हा भिंतच.

माझा सगळा राग त्या चड्डीवर होता. मी निवडली होती ती. मी "नक्की" म्हणाले होते. मुल्ला मॅडम बघायला आल्या तेव्हा मी त्यांना तेच म्हणाले, निवडायला माझं चुकलं, दुसरी घ्यायला हवी होती.

"कुठलीही चड्डी इतका वेळ दाब झेलू शकत नाही हो," त्या म्हणाल्या. "आणि उचलत असते तर एवढं व्हायला नको होतं." मग माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "उचलत होते ना?"

सुरेश बाहेर बाकावर बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. मी काही विचारायच्या आधीच तो खाली बघायला लागला.

"वहिनी, मी दर वेळी सांगितलं. घड्याळ वाजलं की सांगायचो. 'हो हो' म्हणायचा आणि पुढं जायचा. हातकणंगल्याला थांबला तो पिशवी रिकामी करायला, तेवढाच. परत येताना तर तोही नाही."

"मग तुम्ही थांबवलं का नाही?"

"कसं थांबवू?" तो म्हणाला. "तुम्ही बघितलं नाही त्याला रस्त्यावर. मला जोर करवेना, वहिनी. मी दीड वर्ष त्या माणसाच्या पाठीकडं बघत पेपर वाचलाय."

मी आत गेले. ह्यांच्या तोंडासमोर, भिंत आणि पलंगाच्या मधल्या फटीत जमिनीवर बसले, म्हणजे आमची तोंडं एका उंचीवर आली.

"सुरेश म्हणतात, तुम्ही उचललं नाहीत. एकदाही."

त्यांनी डोळे मिटले.

"विसरला होता?"

"नाही."

"मग? मुद्दाम केलंत? मरायचं होतं?" हे मी विचारलं.

"नाही गं," ते म्हणाले. "मरायचं असतं तर बरं होतं, तुला कारण तरी मिळालं असतं." सलाईनच्या नळीतून थेंब पडत होते तिकडं मी बघत होते. "उचलायचं म्हणजे थांबायला लागतं. हात सोडायला लागतात. बाकीचे पुढं जाऊन थांबतात आणि मागं बघत राहतात. थांबलो की मी असा होतो. चालवताना नव्हतो. दर वेळी घड्याळ वाजलं की वाटायचं, एवढा चढ होऊ दे. एवढं गाव जाऊ दे. मग उचलू. मला माहीत होतं, त्रिशला. दर वेळी माहीत होतं."

"आणि माझं काय?" मी म्हणाले. "मी तिकडं कट्ट्यावर बसले होते."

त्यांनी हात पलंगाच्या कडेवरून खाली सोडला. मी तो धरला नाही. थोड्या वेळानं धरला.

नर्स ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन आली तेव्हा मी उठून पडदा ओढला.

जखम हाडापर्यंत गेली. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. एकदा मांडीचं मांस फिरवून खड्डा भरला, तोही पुन्हा उघडला. पावसाळा संपता संपता जंतू रक्तात गेले. शेवटचे काही दिवस ते मला ओळखत नव्हते, दिरांना "भाव काय निघाला" एवढं विचारायचे. ते गेले तेव्हा पर्युषण नुकतंच संपलं होतं.

गाडी सुरेशनं परत नेली. वर्षभरानं तो आला आणि म्हणाला, मणेराजुरीला एक जण आहे, विहिरीच्या कामावर वरून दगड पडला, कमरेपासून गेलाय. भिंतीकडं तोंड करून पडून असतो. गाडी देऊ का?

मी द्या म्हणाले. मग म्हणाले, त्याच्या बायकोला आधी माझ्याकडं पाठवा.

ती आली. उज्ज्वला नाव. पंचविशीतली असेल, हडकुळी, पदराचं टोक सारखं बोटाला गुंडाळणारी. गाडी टेंपोत चढवलेली होती. मी तिला आत बसवून सगळं सांगितलं. डाग कसा बघायचा, बोट किती वेळ दाबायचं. चड्डी कुठली घ्यायची, पॅड कसं हवं, शिवण कुठं नको. किती वेळानं थांबून उचलायचं, आणि तो "हो" म्हणाला तरी विश्वास ठेवायचा नाही, स्वतः डोळ्यांनी बघायचं. लोक बघत असले तरी बघायचं. ती मान हलवत ऐकत होती. आमचं कसं झालं तेही मी सांगितलं, सगळं, काही न राखता. तिचे डोळे भरून आले.

जाताना उंबऱ्यात थांबली.

"ताई, एक विचारू? तुमचे मालक गाडीवर असताना खूश होते का हो?"

रंकाळ्याच्या रस्त्यानं येणारा तो मोठमोठ्यानं बोलणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला.

"हो," मी म्हणाले. "फार."

तिचा चेहरा उजळला. आल्यापासून पहिल्यांदाच. पदर खोचून ती भराभर पायऱ्या उतरली, टेंपोत चढली आणि गाडीच्या चाकाला धरून बसली. एवढा वेळ मी जे जे सांगितलं त्यात तिनं भ्यावं असं एकच होतं, ह्यांना थांबू न देणारी ती खुशी, आणि तेवढीच ती बरोबर घेऊन निघाली होती.